प्रश्नमंजूषा : महाविद्यालयीन वर्गातील उजळणीचे साधन

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला भिलाई हे नाव प्रथम भेटते ते दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या प्रकरणात. भिलाई सोव्हिएत संघाच्या सहकार्याने, राउरकेला पश्चिम जर्मनीच्या आणि दुर्गापूर ब्रिटनच्या, ही जोडी बहुतेकांना तोंडपाठ असते. छत्तीसगडमधील या पोलादनगरीची दुसरी ओळख शिक्षणाचे केंद्र अशी आहे. दुर्ग येथील भिलाई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८६ पासून, तर छत्तीसगड स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ २००५ पासून येथे कार्यरत आहे. भिलाईची भारतीय तंत्रज्ञान संस्था २०१६ मध्ये रायपूर येथील तात्पुरत्या जागेत सुरू झाली आणि पुढे दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाटा येथील स्वतःच्या परिसरात आली. कारखान्यामुळे देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. त्यामुळे येथील महाविद्यालयाच्या एका वर्गात हिंदी माध्यमातून आलेला, इंग्रजी माध्यमातून आलेला आणि घरी छत्तीसगढी, तेलुगू किंवा मराठी बोलणारा विद्यार्थी शेजारी शेजारी बसलेला असणे हे नवल नाही.

अशा वर्गात पन्नास मिनिटांचे व्याख्यान संपल्यावर प्राध्यापक विचारतात, "समजले का?" आणि वर्ग होकार देतो. हा होकार बहुधा प्रामाणिक असतो. परंतु तीन आठवड्यांनी हाच घटक चाचणीत येतो, तेव्हा होकार देणाऱ्यांपैकी अनेकांना पहिले वाक्यही सुचत नाही. ऐकताना समजणे आणि नंतर आठवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि महाविद्यालयीन अध्यापनात पहिलीवर जेवढा वेळ खर्च होतो त्याचा अल्पांशही दुसरीच्या वाट्याला येत नाही. प्रश्नमंजूषेच्या स्वरूपातील खेळ या उणिवेवर उपाय म्हणून वर्गात येत आहेत. ते कशामुळे उपयोगी पडतात आणि कशामुळे निरुपयोगी ठरतात, हे परीक्षार्थीने समजून घेणे त्याच्या स्वतःच्या अभ्यासाच्या दृष्टीनेही हिताचे आहे.

विस्मरणाचा वेग

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या विषयातील पायाभूत मानले जातात. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या त्यांनी स्वतः पाठ केल्या आणि ठरावीक कालावधीनंतर त्या पुन्हा पाठ करण्यास किती श्रम वाचतात हे मोजले. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक बचत नाहीशी झाली. एका दिवसानंतर ती सुमारे एकतृतीयांश उरली. मात्र त्यानंतरची घसरण मंद होती आणि महिन्याने देखील सुमारे एकपंचमांश शिल्लक होती. वर्गातील विषय निरर्थक अक्षरांचा नसतो, म्हणून हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. परंतु घसरण सुरुवातीलाच सर्वाधिक असते, हा निष्कर्ष टिकून राहिला आहे.

ही घसरण कशी थोपवावी? स्वाभाविक उत्तर म्हणजे पुन्हा वाचावे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या उत्तरालाच धक्का दिला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे तीन गट करण्यात आले आणि सर्वांना एक छोटा उतारा देण्यात आला. पहिल्या गटाने चार सत्रांत तो उतारा केवळ वाचला. दुसऱ्याने तीन सत्रांत वाचला आणि चौथ्या सत्रात न पाहता आठवून लिहिला. तिसऱ्याने एकाच सत्रात वाचला आणि उरलेली तिन्ही सत्रे आठवून लिहिण्यात घालवली. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा केवळ वाचणारा गट पुढे होता. त्याला ८३ टक्के आठवले, तिसऱ्या गटाला ७१ टक्के. एका आठवड्यानंतर चित्र पूर्णपणे उलटले. केवळ वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, एकदा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आणि तीनदा लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

या प्रयोगातील सर्वांत बोधप्रद भाग या टक्केवारीत नाही. आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल असे वाटते, हेही विद्यार्थ्यांना विचारले होते. सर्वाधिक आत्मविश्वास वारंवार वाचणाऱ्यांना होता आणि सर्वांत कमी आठवून लिहिणाऱ्यांना. म्हणजे ज्यांची तयारी कच्ची होती त्यांना ती पक्की वाटत होती. पुन्हा पुन्हा वाचलेला मजकूर ओळखीचा होतो, डोळे त्यावरून सहज सरकतात आणि ही सहजताच ज्ञान म्हणून गणली जाते. पुस्तक मिटवून आठवू लागले की अडखळायला होते आणि ते अडखळणे अप्रिय असते. परीक्षार्थींची टिपणवही रंगीत रेघांनी भरते ती बव्हंशी याच कारणाने. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींचा आढावा घेतला. त्यात महत्त्वाच्या ओळींखाली रेघ मारणे आणि पुनर्वाचन या दोन्ही अल्प उपयोगी ठरल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास कालांतराने विभागून करणे या दोनच पद्धतींना उच्च उपयुक्ततेचे स्थान मिळाले.

ही जाणीव अगदी नवी म्हणता येत नाही. अमेरिकेच्या आयोवा राज्यात १९३९ मध्ये हर्बर्ट स्पिट्झर यांनी सहावीच्या ३,६०५ विद्यार्थ्यांवर असाच अभ्यास केला होता. वाचनानंतर लगेच चाचणी दिलेल्यांचे विस्मरण बऱ्याच अंशी रोखले गेले. चाचणी लांबलेल्यांच्या बाबतीत तोवर गळती होऊन गेली होती. आपल्याकडील पाढ्यांच्या व संस्कृत श्लोकांच्या पाठांतरात पुस्तक बाजूला ठेवून म्हणून दाखवण्याची शिस्त होती, तिचेही बळ यातच असावे. पुढे पाठांतराला नावे ठेवताना म्हणून दाखवणेही मागे पडले, हे नुकसानच होय.

स्पर्धेची परंपरा आणि वर्गाची गरज

भारतात प्रश्नमंजूषा रुजली ती मंचावरील स्पर्धेच्या रूपाने. कोलकाता येथे १९६७ मध्ये नील ओब्रायन यांनी घेतलेली स्पर्धा ही देशातील पहिली औपचारिक प्रश्नमंजूषा मानली जाते. बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट रेडिओवरून अमीन सयानी यांच्या आवाजात घराघरांत पोहोचली. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा 'क्विझ टाइम' हा महाविद्यालयीन संघांचा कार्यक्रम सुरू झाला आणि ३ जुलै २००० पासून 'कौन बनेगा करोडपती'ने बहुपर्यायी प्रश्नाला लोकप्रियतेच्या शिखरावर नेले.

या परंपरेचा वर्गावर झालेला परिणाम संमिश्र आहे. स्पर्धेचे प्रयोजन सर्वाधिक जाणणारा शोधणे हे असते. तेथे दोन-चार जण उत्तरे देतात, बाकीचे टाळ्या वाजवतात. महाविद्यालयाच्या वार्षिक कार्यक्रमात हे शोभते. परंतु त्याच पद्धतीने वर्गात प्रश्न विचारला, तर पहिल्या बाकावरचे तेच पाच हात वर येतात, प्राध्यापक पुढे जातात आणि उरलेल्या पन्नास जणांना आठवण्याचा व्यायाम घडतच नाही. शैक्षणिक प्रश्नमंजूषेला विजेता नसला तरी चालतो. प्रत्येकाने उत्तर दिले पाहिजे आणि प्रत्येकाला आपले चुकले कोठे हे कळले पाहिजे. या कसोटीवर पाहता 'करोडपती'तील सर्वांत शैक्षणिक भाग प्रेक्षकांचा कौल घेण्याचा होता, कारण तेथे सभागृहातील प्रत्येकाला बटण दाबावे लागे.

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून नेमकी हीच कल्पना अध्यापनाच्या केंद्रस्थानी आणली. त्यांचे विद्यार्थी अवघड गणिते सोडवत, पण बलाविषयीच्या साध्या संकल्पनात्मक प्रश्नांवर अडखळत. म्हणून त्यांनी व्याख्यानाचे लहान भाग पाडले आणि प्रत्येक भागानंतर एक बहुपर्यायी प्रश्न ठेवला. विद्यार्थी प्रथम एकट्याने, न बोलता उत्तर देतात. बरोबर उत्तरांचे प्रमाण साधारण तीस ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर प्राध्यापक उत्तर सांगत नाहीत. शेजाऱ्याशी चर्चा करून त्याला आपले म्हणणे पटवून देण्यास सांगतात आणि पुन्हा मत घेतात. प्रमाण फारच कमी असेल तर घटक पुन्हा शिकवला जातो. फारच अधिक असेल तर चर्चेत वेळ न घालवता वर्ग पुढे जातो.

चर्चेनंतर बरोबर उत्तरे वाढतात ती केवळ हुशार विद्यार्थ्याचे अनुकरण केल्यामुळे, असा आक्षेप घेतला जात असे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी जनुकशास्त्राच्या वर्गात तो तपासला. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरील दुसरा प्रश्न एकट्याने सोडवण्यास दिला, तेव्हाही कामगिरी सुधारलेली आढळली. गटातील कोणालाही मूळ उत्तर ठाऊक नव्हते, अशा गटांतही सुधारणा दिसली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास महत्त्वाचा आहे, कारण चर्चेत उत्तराची देवाणघेवाण होते तशी ते तयार करण्याची प्रक्रियाही घडते, हे त्यावरून दिसते.

एक प्रश्न, तीन राजधान्या

आता भिलाईकडे परत वळू. अर्थव्यवस्थेच्या किंवा भूगोलाच्या वर्गात पोलाद उद्योगाचा घटक शिकवून झाला आहे असे समजू. "भिलाई पोलाद कारखाना कोणत्या देशाच्या सहकार्याने उभारला गेला?" हा प्रश्न विचारता येईल. त्याचे उत्तर सर्वांना येते, म्हणूनच तो फारसा उपयोगाचा नाही. त्याऐवजी पुढील प्रश्न विचारून पाहावा : भिलाई कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार झाला, त्या वेळी भिलाई ज्या राज्यात होते त्या राज्याची राजधानी कोणती? पर्याय : भोपाळ, रायपूर, नागपूर, जबलपूर.

चारही पर्यायांना काही ना काही आधार आहे, हे या प्रश्नाचे वैशिष्ट्य. रायपूर निवडणारा आजचा नकाशा मागे नेतो. भोपाळ निवडणाऱ्याला छत्तीसगड हे १ नोव्हेंबर २००० पूर्वी मध्य प्रदेशात होते हे माहीत आहे, पण तो तेथेच थांबतो. जबलपूर निवडणाऱ्याच्या मनात उच्च न्यायालयाचे स्थान असण्याचा संभव आहे. योग्य उत्तर नागपूर हे आहे. करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळच्या मध्य प्रदेशात विदर्भ, महाकोशल आणि छत्तीसगड यांचा समावेश होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली. विदर्भातील विद्यार्थ्याला हे सोपे वाटेल; पुणे-मुंबईकडील विद्यार्थ्याने जरा थांबून उत्तर द्यावे.

यात नवी माहिती जवळजवळ काहीच नाही. कराराचे वर्ष आणि पुनर्रचनेचे वर्ष या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्याने वेगवेगळ्या प्रकरणांत वाचलेल्या असतात. प्रश्न त्या दोन्ही एकाच वेळी आठवायला लावतो आणि शेजारी शेजारी ठेवतो. चर्चेत बहुधा कोणीतरी म्हणतो की भोपाळ तर छप्पन्नपासून राजधानी झाले आणि करार त्याआधीचा आहे. तेवढ्याने गटाचे मत बदलते. त्यानंतर प्राध्यापकांनी लगेच दुसरा प्रश्न टाकावा : ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा राजधानी कोणती होती? येथे उत्तर भोपाळ. पहिल्या प्रश्नात ज्यांनी केवळ दुसऱ्याचे ऐकून मत बदलले ते या प्रश्नात पुन्हा नागपूर म्हणतात आणि उघडे पडतात. करार नागपूरच्या काळात, भट्टी भोपाळच्या आणि आजचे शहर रायपूरच्या, हा क्रम एकदा स्वतः जुळवला की राज्य पुनर्रचनेचा तक्ता वेगळा पाठ करावा लागत नाही.

कार्यकारणभावावरील प्रश्नही याच पद्धतीने रचता येतात. भिलाईला लोहखनिज दल्ली-राजहरा येथून, चुनखडी जवळच्या नंदिनी येथून आणि पाणी तांदुला प्रकल्पातून मिळत आले. बालाघाट-भंडारा पट्ट्यातील मँगनीज फार दूर नाही आणि मुंबई-हावडा लोहमार्ग शहरातूनच जातो. मात्र पोलादासाठी लागणारा कोकिंग कोळसा झरियासारख्या दूरच्या क्षेत्रांतून आणावा लागला. याउलट बोकारो हे झरियाच्या कोळशाजवळ आहे आणि लोहखनिज त्याला दुरून आणावे लागते. मग वर्गाला विचारावे : आल्फ्रेड वेबर यांच्या १९०९ च्या उद्योगस्थान सिद्धांतानुसार दोन्ही कारखाने योग्य जागी कसे असू शकतात? येथे पर्याय देण्याचीही आवश्यकता नाही. प्रक्रियेत वजन घटणारे दोन कच्चे माल दोन ठिकाणी असतील, तर त्यांपैकी एकाजवळ जाता येते आणि रिकामी परतणारी मालगाडी दुसरा माल घेऊन येऊ शकते, येथवर विद्यार्थी दोन-तीन मिनिटांत स्वतः पोहोचतात. दल्ली-राजहरा येथील साठे घटत गेल्यावर रावघाट येथील खाणी आणि तिकडे जाणारा लोहमार्ग यांची निकड का निर्माण झाली, हा त्यापुढचा प्रश्न होय.

चांगल्या प्रश्नाची कसोटी त्याच्या चुकीच्या पर्यायांवरून होते. प्रत्येक चुकीचा पर्याय कोणत्या तरी खऱ्या गैरसमजातून आलेला असावा. 'वरीलपैकी नाही' लिहून चौथी जागा भरणाऱ्या प्रश्नाने वर्गाला काही कळत नाही.

साधने

संगणकाधारित खेळांपैकी नॉर्वेत विकसित झालेले आणि २०१३ मध्ये खुले झालेले कहूट सर्वाधिक परिचित आहे. पडद्यावर प्रश्न दिसतो, विद्यार्थी आपल्या भ्रमणध्वनीवरून उत्तर देतात, अचूकतेबरोबर वेगालाही गुण मिळतात आणि प्रत्येक प्रश्नानंतर क्रमवारी झळकते. बंगळुरू येथे २०१५ मध्ये सुरू झालेल्या क्विझिझमध्ये प्रत्येक विद्यार्थी आपल्या गतीने प्रश्न सोडवू शकतो. २०२५ मध्ये त्याचे नाव वेग्राउंड असे झाले. प्लिकर्स या साधनात विद्यार्थ्यांकडे केवळ छापील पुठ्ठा असतो. तो ज्या बाजूने उभा धरावा ते उत्तर, आणि प्राध्यापकांचा एकच भ्रमणध्वनी साऱ्या वर्गाचे पुठ्ठे वाचतो. जेथे सर्वांकडे इंटरनेट नाही तेथे ही सोय मोलाची आहे.

तथापि साधनाचे महत्त्व अतिशयोक्त करू नये. चार रंगांची कार्डे पुरेशी असतात. सर्वांनी एकाच वेळी, छातीशी धरून ती दाखवावीत, म्हणजे शेजाऱ्याचे पाहून उत्तर बदलता येत नाही. वहीच्या पाठपोट कागदावर उत्तर लिहून ठेवणे हेही तितकेच परिणामकारक आहे. कमकुवत नेटवर्कमुळे दहा मिनिटे वाया घालवणाऱ्या खेळापेक्षा कागदाची चिठ्ठी बरी. बहुभाषिक वर्गात प्रश्न इंग्रजीत लिहून त्याचा आशय हिंदीत सांगणे आवश्यक ठरते, अन्यथा विषयाऐवजी भाषेची चाचणी होते.

खेळ बिघडतो कोठे

नॉर्वेतील आल्फ इंगे वांग आणि राबैल ताहिर यांनी २०२० मध्ये कहूटविषयीच्या ९३ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. अध्ययन, वर्गातील वातावरण आणि विद्यार्थ्यांची वृत्ती यांवर एकंदर अनुकूल परिणाम होतो असे त्यातून दिसले. विद्यार्थ्यांच्या तक्रारीही त्यात नोंदल्या आहेत : वेळेच्या दडपणाने ताण येतो, उत्तर एकदा दिल्यावर बदलता येत नाही, हरण्याची भीती वाटते, आणि एक उत्तर चुकले की क्रमवारीत पुन्हा वर येणे कठीण होते. या तक्रारी गांभीर्याने घेण्यासारख्या आहेत. वेगाला गुण दिले की विचार करणारा हरतो आणि अंदाज करणारा जिंकतो. भाषांतर करून समजून घेणारा विद्यार्थी तर प्रश्न वाचून होईपर्यंतच मागे पडतो. तिसऱ्या प्रश्नालाच आपण तळाशी आहोत हे पडद्यावर पाहिलेला विद्यार्थी उरलेले प्रश्न केवळ बटण दाबून संपवतो. वर्गात हशा पिकतो, प्राध्यापकांना वर्ग जिवंत वाटतो, पण ज्याच्यासाठी हा उपक्रम होता तो विद्यार्थी होता तेथेच राहतो. म्हणून घड्याळ सैल ठेवावे, नावांची क्रमवारी दाखवू नये आणि स्पर्धा हवीच असेल तर ती गटांत ठेवावी.

नवलाई ओसरते हेही खरे. वांग यांच्याच २०१५ मधील अभ्यासात एकदाच खेळलेल्या आणि पाच महिने वारंवार खेळलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली होती. दीर्घ वापरानंतर वर्गातील चैतन्य कमी झालेले दिसले, मात्र विद्यार्थ्यांचा सहभाग व प्रेरणा बऱ्याच अंशी टिकून होत्या.

तिसरा धोका कमी ज्ञात आहे. बहुपर्यायी प्रश्नात तीन चुकीची विधाने विद्यार्थी लक्षपूर्वक वाचतो आणि त्यांपैकी एखादे पुढे खरे म्हणून आठवते. रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांनी २००५ मध्ये हे दाखवून दिले. उत्तर दिल्यानंतर योग्य उत्तर सांगितले की हा दोष बराच कमी होतो, असे २००८ मधील पुढील संशोधनात आढळले. म्हणजे प्रश्नमंजूषेतील सर्वांत मौल्यवान वेळ उत्तरानंतरचा असतो आणि घाईत नेमका तोच वगळला जातो. तास संपत आला म्हणून "उत्तरे नंतर पाहून घ्या" असे सांगण्यापेक्षा दोन प्रश्न कमी विचारलेले बरे.

मूल्यमापनाशी संबंध जोडतानाही तारतम्य हवे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने उच्च शिक्षणात एकाच निर्णायक परीक्षेऐवजी निरंतर व सर्वंकष मूल्यमापनाकडे जाण्याची दिशा दिली आहे. त्याचा सोपा अर्थ असा लावला जातो की प्रत्येक प्रश्नमंजूषेचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरावेत. गुण जोडले की चूक लपवण्याची प्रवृत्ती वाढते, आणि लपवलेली चूक दुरुस्त करता येत नाही. उपस्थितीसाठी व प्रामाणिक प्रयत्नासाठी अल्प गुण ठेवून उत्तराच्या अचूकतेला गुणमुक्त ठेवणे हा अधिक योग्य मार्ग दिसतो.

परीक्षार्थीसाठी

स्वतंत्रपणे अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला वर्ग व प्राध्यापक उपलब्ध असतातच असे नाही. तरीही या पद्धतीचा गाभा त्याला वापरता येतो. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सुचवलेली कार्डपेटी आजही उपयुक्त आहे. कार्डाच्या एका बाजूस प्रश्न आणि दुसऱ्या बाजूस उत्तर लिहावे. उत्तर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, चुकले की पहिल्या कप्प्यात परत येते. पहिला कप्पा रोज पाहावा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. वेळ अशा रीतीने आपोआप कच्च्या भागावर खर्च होतो. तीन-चार मित्रांचा गट असेल तर प्रत्येकाने इतरांसाठी पाच प्रश्न तयार करून आणावेत. पटणारे चुकीचे पर्याय शोधताना विषय जेवढा स्पष्ट होतो तेवढा तो उत्तरे देतानाही होत नाही.

प्रत्येक उत्तरापुढे 'खात्री', 'अर्धी खात्री' किंवा 'अंदाज' अशी खूण करण्याची सवय विशेष लाभदायक आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या प्रश्नाला २ गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला त्यांपैकी एकतृतीयांश, म्हणजे सुमारे ०.६६ गुण, वजा होतात. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला, तर चार प्रश्नांत एकदा २ गुण मिळतात आणि तीन वेळा मिळून जवळपास तेवढेच जातात. हिशेब शून्यावर येतो. एक पर्याय निश्चितपणे वगळता आला, तर तीन प्रश्नांत २ गुण मिळून सुमारे १.३३ जातात, म्हणजे प्रश्नामागे सरासरी ०.२२ गुणांचा लाभ होतो. हा लाभ वगळलेला पर्याय खरोखर चुकीचा असण्यावर अवलंबून आहे. आपली 'खात्री' कितपत भरवशाची आहे, हे परीक्षेपूर्वी कळण्याचे साधन या खुणाच आहेत. महिन्याभराच्या सरावात 'खात्री' म्हणून खूण केलेल्या उत्तरांपैकी प्रत्येक चौथे चुकत असेल, तर तो इशारा सामान्य अध्ययनाच्या कोणत्याही नव्या पुस्तकापेक्षा मोलाचा आहे.

वर्गातील प्रश्नमंजूषाही याच तत्त्वावर बेतावी. दहा मिनिटांत चार प्रश्न पुरतात : एक आजच्या घटकावरील, दोन मागील आठवड्यातील आणि एक महिन्यापूर्वीचा. महिन्यापूर्वीच्या प्रश्नाला वर्ग नेहमीच कुरकुर करतो, कारण तोच सर्वांत जड जातो.

वाचकांनी आता हा अंक मिटवून तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून पाहावीत. रोडिगर आणि कार्पिक यांच्या प्रयोगात केवळ वाचणाऱ्या गटाला आठवड्यानंतर किती टक्के आठवले? माझूर यांच्या पद्धतीत बरोबर उत्तरांचे प्रमाण किती असताना शेजाऱ्याशी चर्चा करण्यास सांगतात? आणि भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली तेव्हा नागपूर कोणत्या राज्यात होते? उत्तरांपुढे खात्रीची खूण करावी, मग अंक उघडून पडताळावे, आणि कागद जपून ठेवून आठ दिवसांनी हेच प्रश्न पुन्हा सोडवावेत.